अळणी

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
त्यानं इतकं दिलं, तुम्ही उलट काय देणार?
आणि मी, पतपेढीत एकतीस वर्षं रोकड मोजलेली बाई,
बाकावर बसल्या बसल्या मनात दोन रकाने आखले.

जमेच्या बाजूला लिहीत गेले:
अमोसचा टायफॉइड उतरला ती पहाट,
घोरपडीतली ही दीड खोली, जिचं भाडं कधी थकलं नाही,
गुडघ्यांना अजून झेपणारा जिना,
आणि हे गेले त्या रात्री
कुणीतरी न विचारता माझ्या हातात ठेवलेला चहा.
कुणी, ते आजवर कळलं नाही.
पान भरलं. पुढचंही भरलं.
खर्चाच्या बाजूला
दर रविवारी दानाच्या पिशवीत टाकलेली विसाची नोट.
हिशेब जुळेना, देवबापा.
मी शेरा मारला: तपासणीसाठी ठेवावे.

उपासना सुटल्यावर दाराशी छत्री शोधताना कानावर आलं,
ओहोळ मास्तर ससूनमध्ये आहेत,
खुब्याचं हाड, लेक मस्कतला,
जवळ कुणी नाही.
मी म्हटलं, अरेरे.
ते अरेरे किती कोरडं होतं
तुला ऐकू आलंच असेल.

अकरा वर्षं झाली.
नाताळ बाजाराच्या हिशेबात तीनशे चाळीस कमी आहेत,
असं ते भर कमिटीत उभं राहून बोलले,
माझ्याकडे न बघता.
पैसे सापडले, त्यांच्याच बेरजेत.
हातचा धरायचा राहिला होता.
तेवढ्यासाठी कुणी माफी मागत नाही म्हणे.
तेव्हापासून मी डावीकडच्या बाकावर,
ते उजवीकडे, पेटीपाशी,
आणि प्रभुभोजनाच्या वेळी त्यांची रांग संपेपर्यंत
मी डोळे मिटून, फार भक्तीत असल्यासारखी.

सोमवारी पहाटे उठले.
तू उठवलंस असं म्हणणार नाही, नळाला पाणी पाचला येतं.
दुधी चिरला. त्यांना बीपी, म्हणून मीठ घातलं नाही.
पडल्या माणसाला भाकरी चावेल का,
म्हणून फुलके केले.
तोंडानं त्यांना चांगलं सुनावत होते,
हात मात्र तूप लावत होते.

घोरपडीचं फाटक पडलेलं.
मला बरं वाटलं. म्हटलं, ही तुझीच खूण, जाऊ परत?
मालगाडीचे डबे मोजले. बेचाळीस.
फाटक वर गेलं.
रिक्षावाला मागे वळून म्हणाला, जायचं ना काकू?
तुझा आवाज असा गुटख्यानं भरलेला असेल
असं कधी वाटलं नव्हतं.

वॉर्डात मास्तर एवढेसे झालेले.
पेटीवर पळणारी ती बोटं
चादरीची शिवण चाचपत होती.
मी डबा उघडला.
त्यांनी एक घास खाल्ला,
अकरा वर्षांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं,
म्हणाले, सुगंधाबाई, अळणी आहे.

एवढा राग आला, एवढा,
की हसूच फुटलं.
शेजारच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळला.
मग झाकणात भाजी घेतली, स्टुलावर बसले,
आणि त्यांच्याबरोबर तीच अळणी भाजी
शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ली.
मधेच ते म्हणाले, राहतो हो कधीकधी हातचा.
मी म्हटलं, जेवा.

आता रात्री दिव्याखाली वही उघडली आहे.
खर्चाच्या बाजूला लिहिलं:
दुधी पाव किलो, रिक्षा सत्तर रुपये,
आणि पेन थांबलं.
ती भाजी नक्की कुठे मांडायची?
मी दिली, की मला वाढली गेली?
इतक्या वर्षांच्या नोकरीत
असा व्यवहार टेबलावर आला नव्हता.

असू दे. पान उघडंच ठेवते.
उद्या पडवळ आहे.
फाटकाचं तेवढं बघ.