पाण्यात राहून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत
टॉवेल छापायच्या कारखान्यामागे
दहा बाय बाराची एक खोली आहे, तिला लॅब म्हणतात.
पंखा आहे. गरम हवा इकडची तिकडे करतो.
तिथे मी बरणीत पांढरी पावडर भिजत घालते
आणि वाट बघते.

पावडर म्हणजे साखळ्या. लांबच लांब,
पाण्याला जीव लावणाऱ्या.
फक्त शंभर कड्यांमागे एखादी
तेलाच्या जातीची निघते.
तिला पाणी सोसत नाही.
पाण्यात राहून पाण्याशीच वैर,
आणि सुटायची सोय नाही,
बाकीच्या नव्व्याण्णव तिला धरून आत ओढतात.

चिमूटभर टाकली
तर प्रत्येक साखळी आपल्यातच मिटते,
नकोशी कडी पोटाशी धरून बसते.
पाणी पाणीच राहतं.
काडी सरळ बुडते, सरळ निघते.
अंबादास मास्तर म्हणतात, गेले पैसे पाण्यात.

थोडी अजून.
अजून थोडी.
मग एका आकड्यापाशी
(वहीत लाल पेनाने लिहून ठेवलाय)
साखळ्या एकमेकींना लागतात,
हिची नकोशी तिच्या नकोशीला सापडते.
गाठ कुणी बांधत नाही. नुसत्या टेकतात.
पण हजार ठिकाणी टेकलं
की बरणी उलटी केली तरी थेंब पडत नाही.

बाप माझा पूर्व भागातला.
मराठीत विरघळलेला माणूस:
भिशी मराठीत, भांडण मराठीत,
रेशनच्या रांगेत तर फारच मराठीत.
तरी माग बंद करून टपरीवर गेला
की गर्दीतून कुणीतरी हळू विचारायचं, "तिन्नावा?"
आणि तिथली हवा घट्ट व्हायची.
पाच जणांचं बाकडं, बारा जण,
कुणी हलायचं नाही.

मशीन सुरू झालं की पेस्ट पातळ होते.
पातं फिरतं, टेकलेल्या सुटतात,
जाळीतून रंग झरझर उतरतो,
टॉवेलवर मोर उमटतो, मग दुसरा मोर.
पातं थांबलं की
लगेच नाही, जरा वेळ घेऊन
परत एकमेकींना शोधतात.
पुन्हा तीच जोडी जुळते का,
हे व्हिस्कोमीटर सांगत नाही.
माग विकल्यावरही बाप त्याच टपरीवर जायचा.
बसणारे बदलले होते.
बसणं तेच.

बोअरचं पाणी खारट. चालतं.
मिठाने वैर वाढतं,
वैराने मिठी.

साबणाचं मात्र सांभाळावं लागतं.
थोडा असला तर दोघींत मध्यस्थी करतो,
जाळं आणखी ताठ होतं.
गेल्या मंगळवारी नव्या श्रीशैलने
मगाऐवजी बादली ओतली.
सहाशे लिटर पेस्ट
ताकासारखी फरशीवरून गटारीकडे निघाली.

तुटलं काहीच नव्हतं.
साखळ्या तितक्याच, तितक्याच लांब.
फक्त साबणाने प्रत्येक नकोशीला
स्वतंत्र खोली दिली होती,
अटॅच्ड बाथरूमसकट.
आता कोण कुणाला कशाला शोधेल?
जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटची
एकदम आठवण झाली.
समोरच्या दारावरची पाटी
मी अजून वाचलेली नाही.

मास्तर काही बोलले नाहीत, तेच वाईट.
श्रीशैल खराटा घेऊन उभा,
गुलाबी पाण्यात घोट्यापर्यंत.
माझ्या तोंडून निघून गेलं, "तिन्नावा?"
त्याला तेलुगू येत नाही.
तो "इल्ला" म्हणाला, कन्नडमध्ये,
आणि मग आम्ही दोघं हसलो, मराठीत.

डबा उघडला. कडक भाकरी मोडली.
टेबलावर नव्या बरणीत
पावडर भिजत होती,
काडी अजून सरळ निघत होती.