पाण्याची वही

बाबा रोज सकाळी रेलिंगपाशी जाऊन
निळ्या तळ्याचं पाणी मोजून येत.
कड्यावरच्या चुन्याच्या रेघा त्यांनीच मारलेल्या,
हाताहाताच्या अंतरानं, दोराला लोंबकळून,
तेव्हा माझा जन्मही नव्हता.
नगरपालिका ह्या कामाचे पैसे देई,
वर्षाला दोन जोड बुटांपुरते.

इमोत्स्कीत जमीन कमी, भोकं जास्त.
पाऊस पडतो आणि दगड तो पिऊन टाकतो,
वर ओलसुद्धा ठेवत नाही.
ओढे इथं वाटेतच नाहीसे होतात,
भरल्या ताटावरून कुणी उठून जावं तसे.
द्राक्षवेलींखालची माती आम्ही
टोपल्यांनी आणून पसरलेली,
बुरा वारा सुटला की आई तिच्याकडं
खिडकीतून बघत बसे.

पलीकडं तांबडं तळं.
तिथं उतरायला वाट नाही, नुसते उभे कडे,
आणि पाकोळ्या उडतात त्या
आपल्या पायांच्या खाली.
कुणा कंजुषाचा महाल तिथं गडप झाला, म्हणतात.
आई म्हणे, कंजूष तर गावात अजून पुष्कळ आहेत,
मग बाकीची जमीन कशी टिकली?

व्येको गेला त्या दिवशी पाणी सत्तावन्न हात.
वहीत त्या तारखेपुढं दुसरं काही नाही.
श्टुटगार्टची बस पहाटे चौकातून सुटली,
बाबा तिथूनच परस्पर रेलिंगकडं गेले.
त्यानंतर आई संध्याकाळी विचारू लागली,
पाणी किती?
बाबा आकडा सांगत.
पत्र आलेलं असेल त्या दिवशी
ती विचारत नसे.

मग तो कोरडा उन्हाळा.
ऑगस्ट सरता सरता तळ उघडा पडला,
गाळ तडकला, आणि गावानं
आपली जुनी खोड काढली:
तळ्याच्या बुडाशी फुटबॉल.
एका बाजूला पऱ्या, दुसऱ्या बाजूला नरलांडगे,
मिशा दोन्हीकडं सारख्याच.
व्येको आठ दिवसांच्या रजेवर आलेला,
पांढरी गाडी, मागच्या सीटवर आईसाठी मिक्सर.
तो पऱ्यांकडून.
नरलांडग्यांचा गोलकीपर ग्रगुर, म्हणजे बाबा,
वय एकसष्ट, डोक्याला रुमाल.

सामन्यातलं फारसं आठवत नाही.
ऊन कड्यांवरून आपटून खाली येत होतं
आणि प्रत्येक हाक दोनदा ऐकू यायची.
एकदा व्येको चेंडू घेऊन एकटाच पुढं आला.
थांबला. बाबांकडं बघितलं. मारला.
बाबांना अडवता आला असता,
असं मला अजून वाटतं.
चेंडू मागच्या खडकांच्या फटीत खोल गेला,
पोरांनी काठ्या घातल्या, निघाला नाही,
दुसरा आणला.

तेवढ्यात आई खाली आली.
आयुष्यात पहिल्यांदा,
नागमोडी वाटेनं, स्वयंपाकघरातल्या सपातांवर.
सामन्याकडं तिनं बघितलंही नाही.
तळ जिथं सगळ्यात खोल, तिथं दगडांत एक भेग आहे,
तिच्याशी गुडघे टेकून तिनं कान लावला.
बराच वेळ.
मग उठून पदर असावा तसा एप्रन झटकला.
आहे, म्हणाली. खालीच आहे. सरकलंय नुसतं.
व्येको घाम पुसत उभा होता.
त्याला वाटलं, ती त्याच्याशी बोलतेय.
असेलही.

पाणी नोव्हेंबरात आलं.
वरून नाही, खालून, रात्री,
घरात कुणी दबक्या पावलांनी वावरावं तसं.
डिसेंबरात एका सकाळी बाबा
नेहमीपेक्षा उशिरा परतले,
वही उघडीच टेबलावर ठेवली.
मी वाचली:
एकवीस हात. एक चेंडू.

पत्र नव्हतं आलेलं.
आईनं मक्याची लापशी ढवळता ढवळता विचारलं,
पाणी किती?
एकवीस, बाबा म्हणाले.
बूट काढले, शेगडीजवळ ठेवले.
आणि तो चेंडू. वर आलाय. तरंगतोय.
आईचा हात थांबला.
कुठल्या बाजूला? तिनं विचारलं.