ट्रॅफिक सिग्नल असलेले सगळे चौकोन

माझी टपरी म्हणजे एक निळी छत्री,
एक स्टूल आणि रिचार्जच्या कुपनांची माळ.
समोर चटयांवर उसिपाची मासळी वाळते,
पलीकडे मलावीचं सरोवर. मला ते दिसतं,
तामांडानी न्यिरोंगोला ऐकू येतं.
वारा फिरला की म्हणते, चार झाले.

कुपन ती स्वतः नखाने खरवडते
आणि माझ्यापुढे धरते.
खरवडणं तिचं, वाचणं माझं. चौदा आकडे.
छापणाऱ्याने ते बोटाला लागतील असे छापले असते
तर माझी गरज उरली नसती.
हे मी तिला कधी बोललो नाही.
गिऱ्हाईक आहे.

तिच्या फोनचा पडदा कायम काळा.
पोरं म्हणतात, बाई बंद फोनशी बोलते.
"उजेड कुणासाठी जाळू?
बॅटरी काय झाडाला लागते?"
फोन मात्र इतका भरभर बोलतो
की सुगरणींचं अख्खं झाड कलकलावं.
ती त्यातून शब्द वेचते,
तांदळातून खडा वेचावा तसा.

त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख.
पाणी खात्यात फोनवर बसायची जागा,
लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या.
"आजवर फुकट ऐकलं," ती म्हणाली,
आणि दिवसाचं पॅक घेतलं, पाचशे क्वाचांचं,
मध्यरात्री मरणारं.

फोन सुरू झाला:
चित्र. चित्र. बटण. चित्र.
बटण, नाव नाही. चित्र.

"कसलं चित्र?"
मी पडदा उजळून पाहिलं.
एक बाई नळाखाली हात धरून हसतेय.
पुढच्यात तीच बाई, तेच दात.
मग टाय लावलेले साहेब.
"यांच्या हसण्याचे पैसे कोण भरतं?"

कोण म्हणजे? पॅकमधून जातात.
बघा, न बघा, उतरलं की मोजलं.
मीही मोजून विकणारा माणूस,
पण हुंगायलासुद्धा न दिलेल्या माशाचे
पैसे घेणारी कोळीण
मी या काठावर पाहिली नाही.

नाव घातलं. जन्मसाल
एका फिरत्या चाकात होतं,
आणि चाक फोनशी बोलत नव्हतं.
तीन वेळा पान नव्याने उतरलं,
तीन वेळा ती बाई हसली.
शेवटी आलं:
आपण यंत्र नाही हे सिद्ध करा.
ट्रॅफिक सिग्नल असलेले सगळे चौकोन निवडा.

हे तिला यंत्रानेच वाचून दाखवलं.
मी हसलो.
मग एकटाच हसतोय हे लक्षात आलं.

माझ्यापुढे तीन गिऱ्हाइकं, म्हणून
लुसुंगूला हाक मारली. सातवीतला, डोळे घारीचे.
"ट्रॅफिक सिग्नल म्हणजे?"
आमच्याकडे शेळ्या थांबल्या की गाड्या थांबतात.
तेव्हा सांगितलं तिनेच,
जिने जन्मात दिवा पाहिला नाही:
"खांब असतो. वर तीन दिवे, एकाखाली एक.
लाल, पिवळा, हिरवा. रेडिओवर ऐकलंय."

पोराने बोट ठेवलं. एक. दोन.
"या कडेच्यात नुसता खांब आहे.
खांब धरायचा का?"
कुणाला माहीत?
"धर," ती म्हणाली.

चूक. आता पूल असलेले चौकोन.
मग जिने.
मग पॅक संपल्याचा मेसेज,
आणि तो मात्र फोनने नीट वाचला,
एकही शब्द न गाळता.

मी माळेतलं एक कुपन तोडलं,
स्वतःच खरवडलं, आकडे सांगितले.
"उधारीत लिही."
"लिहिलं."
"वाच."
"तामांडानी न्यिरोंगो, पाचशे."

ती जरा थांबली. चटईवर कुणीतरी
मासळी उलटी करत होतं, खसखस, खसखस.
"पेन्सिलीचा आवाज नाही आला," म्हणाली.

मी वही उघडली.