हात लावू नये

रात्री पाऊण वाजता परळच्या लॅबमध्ये
मी, आणि रक्ताच्या नळ्यांचा फ्रीज.
दोघांनाही झोपायची परवानगी नाही.

एक फाईल उघडली आहे.
दोनशे ओळी, बऱ्याचशा टिपणीस सरांच्या हातच्या.
सर सोडून गेले त्याला सहा वर्षं झाली,
पण एका हॅशच्या मागे त्यांचा दम अजून बसलेला:
इथे हात लावू नये.

मी हात लावते.
टीएलएस एक-शून्य, काढलं.
एक-एक, काढलं.
थ्री-डेस, आरसी-फोर,
बेस्टने बंद केलेल्या बसमार्गांसारखी नावं,
पाटी अजून स्टॉपवर, गाडी येत नाही
आणि आली तर तिच्यात बसू नये.

लहानपणी मी आणि निलू च-च्या भाषेत बोलायचो.
चडूला चठेकु चहेआ?
वाटायचं, जगात कुणाच्या बापाला कळणार नाही.
आई पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणायची,
चरच्याव चडताळातफ. आणि हात लावलात तर बघा.
सांकेतिक भाषा मरते ती अशी.
कुणी फोडत नाही तिला,
हळूहळू सगळ्यांना येऊ लागते.

नवी रीत लिहिते आता.
प्रत्येक भेटीला नवी किल्ली,
भेट संपली की किल्लीही संपली.
उद्या कुणी मूळ किल्ली पळवली तरी
कालचं बोलणं त्याला लागणार नाही.
त्या मूळ किल्लीच्या फाईलवर परवानगी सहाशे:
मालकाने वाचावं, मालकाने लिहावं,
बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहावं.

चाचणी. नापास.
एकशे बाराव्या ओळीला अर्धविराम द्यायचा राहिला.
शाळेत सरपोतदार बाई यासाठी अर्धा गुण कापायच्या,
इथे अख्खं दुकान उघडत नाही.
देते. पास. रीलोड.
बाहेरून तपासून घेतलं, ए प्लस.
फ्रीजला सांगितलं. दुसरं कोण होतं?

आणि लॉगमध्ये एक पत्ता.
दर तीस सेकंदांनी येतो, जुना हात पुढे करतो,
आमचा सर्व्हर हात मागे घेतो.
पुन्हा येतो.
शिवडीचं प्रसूतिगृह. तांडेलांचं मशीन.
मॉनिटरच्या कोपऱ्यात सोनेरी चांदणी डकवलेली,
मुलीने, तिसरीत असताना.
ती मुलगी आता वकिली शिकते.

फोन.
'मॅडम, रिपोर्ट येईना. जरा जुनं चालू करा ना,
पाच मिनिटं.'
बोट त्याच ओळीवर होतं. एक हॅश पुसायचा, बस्स.
टिपणीस सरांनीही पाच मिनिटांसाठीच केलं असणार,
दोन हजार अकरा साली.

'लिहून घ्या,' मी म्हटलं, 'मी वाचते.'
'हां, बोला. नाव, मयूरी…'
ते खणखणीत म्हणाले,
आणि त्यांच्या मागे कुठेतरी बांगड्या थांबल्या.
'तांडेल, कोण कोण आहे तिथे?'
'पेशंटची सासू, चुलत सासू, दीर. सगळीच आहेत की.'

माझा ए प्लस शिवडीच्या व्हरांड्यात
बाकड्यावर उघडा पडलेला.

'मागून म्हणू नका,' मी म्हटलं.
'मी सांगेन, तुम्ही नुसतं हं म्हणा.
आणि कागद तिच्या हातात द्या. तिच्याच.'

खुर्ची सरकली. दार लोटलं गेलं.
मी पहिला आकडा वाचला.
'हं.'
दुसरा.
'हं.'
तिसऱ्याला जरा वेळ लागला.
'…हं.'

सकाळी लॅमिंग्टन रोडवरून नवं मशीन घेतलं,
टॅक्सीत मांडीवर ठेवून शिवडीला नेलं.
तांडेलांनी जुन्यावरची चांदणी नखाने सोडवली,
फार जपून, तरी एक टोक तिथेच राहिलं.
चार टोकांची लावली त्यांनी मग.
मयूरीचं मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.