असहमतीचा रकाना

लेसोथोत, मोखोटलाँगच्या चढावर
आमची क्ष-किरणांची गाडी थांबते.
न्टाटे मोखेले घोंगडी उतरवून
गार पाटीला छाती टेकवतात.
"श्वास रोखा," मी म्हणते.
"सत्तावीस वर्षं रोखलाच की, पोरी."

चार सेकंद.
पडद्यावर लाल ठिपका : क्षय, एक्क्याण्णव टक्के.

यंत्राशी माझं वैर नाही.
मागच्या हिवाळ्यात माझ्या पेंगुळल्या डोळ्यांनी सोडलेली सावली
त्यानंच धरली; ती बाई आज शेळ्या राखते.
पण ते शिकलं दूरच्या शहरांतल्या छात्यांवर,
जिथे सोनं बोटात घालतात,
फुप्फुसात नाही.

फॉर्मवर तळाशी अरुंद रकाना : असहमत.
कारणाला अर्धी ओळ.
मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत जाते :
खाण, दगडाची धूळ, वर्षं;
आधी थुंकी तपासा, मग गोळ्या;
आणि हे यंत्राच्या मास्तरांनाही कळवा.
खाली सही. माझी.
त्याला सही नसते.

"काय म्हणतंय ते?"
पडदा त्यांच्याकडे वळवते.
"त्याला वाटतं, क्षय. मला अजून नाही."
ते काचेवर बोट ठेवतात, ठिपक्याच्या जरा खाली,
जिथे यंत्रानं काहीच दाखवलेलं नाही.
"इथे," म्हणतात, "कार्लटनव्हिल. रात्रपाळी."