ओढून बघणं

मसाका रस्त्यावर, नबुगाबो तळ्याच्या फाट्याला,
फणसाच्या झाडाखाली नाबुकीरा चटया विकते.
वर शे-दीडशे खोपे, आणि त्यांचा कलकलाट असा
की गिऱ्हाइकाशी भाव ओरडूनच करावा लागतो.

ती रानशिंदीची पाती उन्हात टाकते, आणि वळते न वळते
तोच काळ्या डोक्याचा, लाल डोळ्यांचा एक पिवळा चोर
पातीच्या कडेला चोच लावून
टर्रकन वीतभर दोरा काढून नेतो.
"एन्देगेया!" ती ओरडते. मग लुगांडात पुढचं,
जे कासुले, तिचा नातू, मला सांगायला लाजतो.

आधी तो एक कडं करतो. नुसतं कडं.
त्यात पाय रोवून उभा राहतो
आणि चोच पोचेल तिथवर विणत जातो,
म्हणजे घराचं माप त्याचंच अंग.
मग दाराला उलटा लोंबकळून
पंख फडफडवत अंगभर थरथरतो:
ये, बघ, हिरवंगार आहे, आजचंच आहे.

मादी येते. फिक्या, साध्या कपड्यातली.
नाच बघत नाही. आत शिरते,
एक काडी धरते, ओढते. दुसरी ओढते.
बाहेर येऊन चोच फांदीला पुसते नि जाते.

माझ्या भाषेत याला सुगरण म्हणतात, मी सांगितलं,
बाईचं नाव. नाबुकीरा इतकी हसली
की दातांत धरलेली पात खाली पडली.
"विणतो तो, आणि नाव तिचं?"
मग चटईची कड दुमडत म्हणाली,
"तरी बरोबरच. तिला कळतं ना."

गिऱ्हाइकं तेच करतात, कड धरून ओढतात.
"मी मात्र सोळाव्या वर्षी
किवुम्बीच्या घरात गेले, कुडाला हातही न लावता.
दुसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत बसली."
पुढे काही नाही. सुई पुढच्या पट्टीत गेली.

आठवड्यात हिरवा खोपा तपकिरी होतो,
आणि तपकिरीकडे कुणी ढुंकून बघत नाही.
तेव्हा तोच, ज्याने गाठ न् गाठ मारली,
वरपासून उसवायला बसतो. रागाने नाही;
हिशेब चुकला की पाटी पुसावी तसा.
खाली चटयांवर काड्या पडत राहतात.
"चौथा," नाबुकीरा म्हणते, आणि झटकते.

दुपारी पाचव्यासाठी तो पात चोरायला येतो.
ती दगड उचलते, रोजचाच,
आणि नीट नेम धरून चुकवते.