नऊ खटके

दुकानातल्या पोरानं तीन खोकी काढून ठेवली.
साखळीचं स्वस्त, म्हणाला, पण खडखडतं.
पट्ट्याचं महाग, पण मांजरीच्या पावलानं चालतं.
तिसरं भिंतीवर बसतं, छत बुटकं असेल तर.
वर झोपायची खोली आहे का?
आहे, म्हटलं,
पण आयलीला जेवढं ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं.

डुलुथचा आमचा रस्ता
सरोवरातून ओढून टेकडीवर वाळत घातल्यासारखा.
जानेवारीत गॅरेजचं दार खालच्या कडेनं गोठतं,
लाथ घातल्याशिवाय सुटत नाही,
आणि माझा डावा खांदा आता दाराच्या बाजूनं बोलतो.

जुनं यंत्र त्र्याऐंशी सालचं.
मी आणि शेजारचा वाइनो,
जोडीनं घेतलं तर दहा डॉलर सूट, म्हणून जोडीनं घेतलेलं.
रिमोटच्या पोटात नऊ बारीक खटके, वर नाहीतर खाली.
आपापले लावून घ्या, असं कागदावर लिहिलं होतं.
कागद वाचणाऱ्यातले आम्ही नव्हे.
कारखान्यातून आले तसेच राहिले, दोघांचेही.

तो गोदीवरून घरी आला की त्याचं दार उघडायचं
आणि माझंही.
मी गाडीखाली उताणा, तोंडावर तेल,
आणि एकदम उजेड. दारात त्याचे बूट.
माझा पाना परत द्यायला यायचा,
दुसरा घेऊन जायचा.
अरे ते खटके बदला, आयली म्हणायची,
पाच मिनिटांचं काम.
ती पाच मिनिटं छत्तीस वर्षांत सापडली नाहीत.

वाइनो गेला तेव्हा बर्फ वितळत होता.
टकोमाहून मुलगी आली,
घर आवरलं, लाल पिकअप विकून टाकली.
उन्हाच्या झडपेला अडकवलेला रिमोट
कुणाच्या लक्षातच आला नाही.

मग हिवाळ्यात माझं दार आपोआप उघडू लागलं.
रोज नाही. चारच्या सुमारास, कधीतरी.
आला बघ वाइनो, आयली म्हणाली,
आणि कॉफीचं पाणी जास्त ठेवलं. थट्टेनं. बहुतेक थट्टेनंच.

ढगाळ दिवशी दार गप्प असायचं.
हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले.
मग एकदा फावडं घेऊन बाहेर उभा असताना पाहिलं,
लाल पिकअप चढ चढत होती,
उतरतं ऊन थेट काचेवर,
आत टोपी घातलेली कुणी तरुण मुलगी.
तिनं डोळे बारीक केले, हात वर नेला,
झडप खाली ओढली,
आणि माझ्या मागे दार कुरकुरत वर गेलं.
ती तशीच पुढे गेली. तिला काय माहीत.

मी कुणाला सांगितलं नाही. आयलीलाही.

गेल्या महिन्यात यंत्राचं दातेरी चाक झिजून पीठ झालं,
गाडीच्या टपावर पांढरं पांढरं.
म्हणून हे दुकान, हा पोरगा.
नवं फार सुरक्षित असतं, त्यानं सांगितलं,
प्रत्येक वेळी नवा आकडा,
एकदा वापरलेला पुन्हा चालतच नाही.
परक्या माणसाच्या हातून तुमचं दार हलणार नाही.
फोनवरूनही उघडतं, जगात कुठूनही.
जगात कुठूनही मला ते कशाला उघडायचंय, म्हटलं,
आणि पट्ट्याचं घेतलं, बॅटरीवालं.
वादळात आमच्याकडे वीज आधी जाते.

बसवणाऱ्यानं दुपारी एकला काम संपवलं.
जुनं न्यायला निघाला, मी म्हटलं, राहू दे कोपऱ्यात.
आवाज खरंच येत नाही.
आयलीनं दोनदा विचारलं, चालू आहे ना ते?

आज आभाळ लख्ख आहे.
चारला पाच कमी.
खालच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला,
तो मी कुठेही ओळखेन, दुसरा नेहमी अडतो.
मी स्वयंपाकघरातून उठलो,
भिंतीवरचं बटण दाबलं.